विरीला बांधलेली नाडी

सहलीच्या पत्रकात दुसऱ्या दिवसाखाली लिहिलं होतं, ‘सकाळी सड्यावर हलकी पदभ्रमंती, दुपारी ग्रामीण जीवनाचा अनुभव, संध्याकाळी परतीचा प्रवास.’ पुढे गावाचं नाव होतं. मी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं आणि घरात कुणालाही न विचारता नाव नोंदवून टाकलं.

ते गाव माझं आहे. म्हणजे तिथल्या एकाही दगडावर माझा हक्क नाही. बाबा तिथल्या शाळेत मास्तर होते. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. भाड्याच्या दोन खोल्यांत माझं सगळं बालपण गेलं आणि मी दहावी झाल्यावर बाबांची बदली झाली, सामान एसटीच्या टपावर चढलं, संपलं. जिथे आपलं घर नाही, शेत नाही, पालखीला खांदा द्यायचा मान नाही, तिथे माणसाने परत जायचं तरी कोण म्हणून? बरीच वर्षं मला याचं उत्तर सुचलं नाही. मग हे असं सुचलं. डोक्यावर टोपी, पायात डोंगर चढायचे बूट, पाठीवर पाण्याची बाटली आणि बरोबर पुण्याची सहल.

आदल्या संध्याकाळी आम्ही रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्यावर फिरलो, भेळ खाल्ली, सूर्य बुडाल्यावर टाळ्या वाजवल्या. सूर्य बुडाल्यावर टाळ्या का वाजवायच्या हे मला अजून कळलेलं नाही, पण सगळ्यांनी वाजवल्या म्हणून मीही वाजवल्या. सकाळी मात्र गाडी मोठा रस्ता सोडून लाल मातीच्या वाटेला लागली, खिडकीतून कापलेल्या भाताच्या पेंढ्याचा वास आत आला, आणि मी खिडकीच्या चौकटीला कपाळ टेकलं. शेजारी बसलेले, खरे आडनावाचे काका म्हणाले, “गाडी लागते का हो तुम्हाला?” मी हो म्हणून टाकलं.

उतरलो तर दारात सुलभा उभी. सुलभा माझी वर्गातली मैत्रीण. गावातल्या गावात लग्न झालं आणि ज्या घरात आम्ही भाड्याने राहायचो त्याच घरात ती सून म्हणून आली. आता मागच्या पडवीत खोल्या काढून ती आमच्यासारख्या लोकांची राहण्या-जेवण्याची सोय करते. फोनवर आमचं दिवाळी-संक्रांतीला बोलणं होतं, तरी सगळ्यांदेखत ती मला म्हणाली, “या पाव्हनेबाय, वाईच पाय धुवा,” आणि तांब्या देता देता दंडाला असा चिमटा काढला की हातातला तांब्या पडायचा राहिला.

घावनं आणि नारळाची चटणी खाऊन झाल्यावर मी उठले आणि न विचारता मागच्या दाराशी गेले. तिथे डोण होती. काळ्या दगडाची, एकसंध कोरलेली, मी लहानपणी आत बसू शकायचे एवढी मोठी. तिच्यात माती भरून सुलभाने गुलाब लावले होते. गुलाब चांगले फुलले होते. मला त्यांचा इतका राग आला की मी स्वतःच चपापले.

डोणीत पाणी असायचं. आणि ते पाणी आपणहून यायचं.

आमच्या वाडीच्या वर सडा आहे, मैलोन्‌मैल पसरलेला काळा-तांबडा कातळ. सड्याच्या कुशीतून एक पऱ्या खाली येतो. पऱ्या म्हणजे ओढा, पण आमच्याकडे ओढा म्हटलं तर लोक हसायचे. दिवाळी झाली की वाडीतली माणसं त्या पऱ्याला आडवा बांध घालत. पाणी तुंबून वर चढे, आणि डोंगराच्या पोटावरून खणलेल्या पाटाने वाडीत येई. पाटातून घरोघरच्या पन्हळींत. पन्हळ म्हणजे पोफळीचं मधोमध चिरून कोरलेलं खोड. पन्हळीतून डोणीत आणि डोणीतून बागेत.

पाणी येण्याआधी त्याचा वास येई. सुकलेला पाला भिजल्याचा, चिऱ्याची धूळ भिजल्याचा. मग पाण्याच्या पुढे पुढे पळत मुंग्या येत, काटक्या येत, एखादी चिडलेली बेडकी येई. पहिलं पाणी लालभडक, ते बागेला. दुसऱ्या दिवशीचं गढूळ, ते भांड्यांना. तिसऱ्या दिवशी आई डोणीत वाकून बघे आणि तिला स्वतःचा चेहरा दिसला की म्हणे, “आता आला हिवाळा.” मग मेपर्यंत ती धार थांबत नसे. त्या धारेच्या आवाजावर मी पाढे पाठ केले, तापात पडून राहिले, मागच्या दारात बसून कुणाकुणावर रुसले. साताऱ्याला गेल्यावर मला कितीतरी दिवस झोप लागेना. आई वैतागून म्हणाली, “न्हाणीतला नळ सोडून ठेवू का तुझ्या उशाशी?”

“हे काय केलंस गो?” मी सुलभाला विचारलं.

“काय करू मग? तीन वर्सा झाली, पाटाला पानी नाय.” ती घमेलं उचलत म्हणाली. “नळ आले. बापये सगले मुंबयला. बांध घालायला मानूस नाय. आता गावकी म्हनते, पाट बुजवून वरून चालायला सिमेंटची पाखाडी करू. उद्या देवलात बैठक हाय.”

“आणि तू?”

“मी सांगितला, पानी आनून दाखवतंय. आनला तर पाट ऱ्हायला पायजे. नाना म्हनाले, आन बाय.” नाना म्हणजे गावकीतले सगळ्यात थोरले, तेव्हाही म्हातारे वाटायचे आणि अजून आहेत. “दोन गडी सांगितलेले, दोगव नाय आले. तुमची न्यारी आटपली, आता एकटी जानार हाय.”

तिच्या घमेल्यात कोयता होता, फावडं होतं, आणि पोफळीची एक वाळकी विरी, म्हणजे झावळीच्या बुंध्याचं रुंद चिवट आवरण, होती. ती विरी बघितली आणि माझं ठरलं. मी अंगणात जाऊन आमचा सहलप्रमुख मंदार याला सांगितलं की मी सड्यावरून पुढे पऱ्यावर जाणार, बांध घालणार, आणि पाण्याबरोबरच परत येणार.

“मॅडम, पण आपला दुपारचा कार्यक्रम...”

“ग्रामीण जीवनाचा अनुभव असं लिहिलंय ना तुम्ही? मग हाच तो.”

मंदार पंचविशीतला, फार गोड मुलगा. त्याने मागे बघितलं. मागे खरे काका गुडघ्यांना पट्टे बांधून उभे होते. निवृत्त इंजिनिअर. काल रत्नागिरीच्या प्रत्येक वळणावर पूल कसा बांधायला हवा होता हे त्यांनी आम्हाला समजावलं होतं. “बांध?” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकले. मग विषयच संपला. सुलभाला पुढे घालून सगळी सहल निघाली.

सड्यावर गवत पिवळं पडलं होतं आणि वारा लागला की एका दिशेला निजत होतं. लांबवर खाडी दिसत होती, खाडीच्या तोंडाशी समुद्र. सहलीतल्या दोघी मुली फोटो काढायला थांबत होत्या आणि मी त्यांना घाई करत होते. लहानपणी बांधाच्या दिवशी आम्ही याच वाटेने नाचत जायचो. घरटी एक माणूस असा रिवाज होता. आम्ही भाडेकरू, पण बाबा कधी चुकले नाहीत. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून ते पाण्यात उतरत आणि ज्यांच्या मुलांना सकाळी छड्या मारल्या असत त्यांच्याच हातातून दगड घेत. आधी मोठे दगड, मग त्यांच्या फटींत पाल्याच्या डहाळ्या, मग गवत, मग चिखल. बायका टोपलीतून कुळथाचं पिठलं आणि भात घेऊन येत. पाण्यात पाय सोडून खाल्लेल्या त्या भातासारखा भात मला पुढे कुठे मिळाला नाही.

आणि शेवटी खालच्यांचा वाटा.

तो पऱ्या आमच्या वाडीला वळसा घालून खाली खाडीकाठच्या मोहल्ल्यात जाई. वर बांध घातला की खाली पाणी आटणार, हे उघड आहे. म्हणून बांधाच्या एका अंगाला, तळाशी, वीतभर तोंड उघडं ठेवायचं. ते कुणी बुजवायचं नाही. आणि बांध पुरा झाला की विरीचे कोपरे दुमडून, नारळाच्या हिराने, म्हणजे पातीच्या काडीने, टाचून तिचं भांडं करायचं, त्यात लाल जास्वंद ठेवायची आणि त्या तोंडापाशी पाण्यात सोडायची. खाली धुण्याच्या दगडावर बसलेल्या बायकांना ते फूल दिसलं की कळे, वर बांध झाला, आणि आपला वाटा शाबूत आहे. संध्याकाळी तीच विरी परत येई. तिच्यात मोहल्ल्यातली सांदणं असत, वाफेवर उकडलेली, पांढरीशुभ्र, नारळाच्या गोडीची. विरी घेऊन हमीदा येई. ती माझ्याच बाकावर बसायची.

विरी सोडायचं काम पोरींचं. हीर टोचून कोपरा टाचायला मला कधी जमलं नाही. हीर मोडायचा, बोटात घुसायचा, बाकीच्या पोरी खिदळायच्या. मग मी सरळ वेणीची रिबीन सोडायचे आणि विरी करकचून बांधून टाकायचे. हमीदा सांदणांबरोबर रिबीन परत आणायची आणि म्हणायची, “घाटावरची ती घाटावरचीच.”

पऱ्यावर पोचलो तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं आणि जुन्या बांधाचे थोरले दगड जागच्या जागी होते. सुलभाने पदर खोचला. मी बुटांसकट पाण्यात उतरले. दोघी मुलींनी विजारी दुमडल्या. मग काय झालं कोण जाणे, सगळेच उतरले. माणसांची साखळी लागली. ज्या माणसांना काल मी ‘जरा सरकता का’ यापलीकडे काही बोलले नव्हते त्यांच्या हातातून दगड माझ्या हातात येत होते. खरे काका काठावरून हुकूम सोडत होते आणि कुणी ऐकत नाही असं बघून शेवटी तेही पाण्यात आले. चिखल लावण्यात त्यांचा हात खरोखर चांगला होता.

बांध उभा राहिला. पाणी चढलं, पाटाच्या तोंडाशी आलं, क्षणभर घुटमळलं आणि आत शिरलं. सगळे ओरडले. या वेळी मी मनापासून टाळ्या वाजवल्या.

“एक थेंब वाया जात नाही, बघा!” खरे काका म्हणाले. खरंच जात नव्हता. काकांनी आपला प्लास्टिकचा रेनकोट चिखलात घालून खालचं तोंड गच्च बंद केलं होतं. बांधाच्या पलीकडे पऱ्याचे गोटे उघडे पडायला लागले होते.

“काका, ते उघडायचं आहे,” मी म्हणाले.

“उघडायचं? अहो, पाट कोरडा ठणठणीत आहे. तोच किती पाणी पिईल! तोंड उघडलंत तर संध्याकाळपर्यंत वाडीत पोचणार नाही.”

काका खोटं बोलत नव्हते. मी सुलभाकडे बघितलं. ती पाटाकडे बघत होती. तिचा चेहरा उन्हाने आणि चिंतेने लाल झाला होता. हळूच म्हणाली, “आजच्यापुरता ऱ्हावंदे गो. उद्या बैठक झाली की सोडू. खाली आता कोन बघतंय? त्यांच्याकडं पन नळ हायत.”

मला तिचं म्हणणं कळत होतं. पाट तिचा होता, बैठक तिची होती. मी संध्याकाळच्या गाडीने जाणारी बाई. गप्प बसणं शोभलं असतं. पण मला तसं गप्प बसता येत नाही, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे.

“सुलभा, वाटा न ठेवता आणलेलं पाणी तू नानांना दाखवणार? आणि ते विचारणार नाहीत?”

तिने एकदा पाटाकडे, एकदा खाली उघड्या पडलेल्या गोट्यांकडे बघितलं. मग वाकली, चिखलात कोपरापर्यंत हात घातला आणि रेनकोट ओढून काढला. पाणी भसकन खाली उडालं. पाटातली धार निम्म्यावर आली. काका हताश होऊन दगडावर बसले.

“आता विरी,” सुलभा म्हणाली. आवाज जरा घुश्शातच होता. तिने घरून हीर आणला होता, जास्वंदही आणली होती. हीर माझ्या हातात दिला. तो मोडला. दुसरा दिला, तो बोटात घुसला. आता माझ्या केसांत रिबीन नव्हती, वेणीही नव्हती. मी खाली बसले, उजव्या बुटाची नाडी ओढून काढली आणि विरी करकचून बांधली. फूल ठेवलं. त्या दोघी मुली वळणापर्यंत काठीने विरीला वाट करून देत गेल्या. तिथून पुढे तिची ती.

मग आम्ही पाटाच्या कडेने पाण्याबरोबर चालू लागलो. पाणी अगदी माझ्यासारखं चालत होतं, थोडं चालायचं आणि थांबायचं. पाटाला जागोजाग खेकड्यांची बिळं होती. पाणी त्यांत शिरायचं आणि खाली उतारावर गवतात नाहीसं व्हायचं. एक बीळ चिखलाने लिंपावं तर पुढे दुसरं. आम्ही लिंपत होतो. मुलींची नखं गेली, मंदारचा कोरा शर्ट गेला. सड्यावरचं ऊन पिवळं झालं तरी वाडीची कौलं दिसेनात. मंदारने घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि घड्याळ खिशात टाकलं. त्या एका गोष्टीसाठी मी त्याला जन्मभर दुवा देईन. पण माणसं कमी होती आणि पाट लांब होता, हे मला दिसत होतं. आपल्या हट्टापायी सुलभाचा पाट बुजणार, असं वाटून मी पुढचं बीळ दोन्ही हातांनी लिंपायला घेतलं.

तेवढ्यात खालून बायकांचे आवाज आले. चढावरून पाच-सहा जणी येत होत्या, कुणाच्या हातात फावडं, कुणाच्या घमेलं. सगळ्यांच्या पुढे एक जाडजूड बाई, डोक्यावर ओढणी, धापा टाकत. तिच्या हातात विरी होती.

“कुटं हाय गो ती मास्तरांची?” ती लांबूनच ओरडली.

मी चिखलाचे हात घेऊन उभी राहिले.

“विरी दोरीनं बांदनारा अख्ख्या तालुक्यात एकच मानूस हाय,” हमीदा म्हणाली. “घाटावरची ती घाटावरचीच!”

मला तिच्याशी खूप बोलायचं होतं. पण मी रडत होते आणि डोळे पुसायला हात स्वच्छ नव्हते. तिने आपल्या ओढणीने माझं तोंड पुसलं, जरा जोरातच, आणि सुलभाकडे वळून म्हणाली, “आनि तू गो? तीन वर्सा फूल नाय सोडलंस. आमाला वाटला, वर कोन मानसाच ऱ्हायली नायत.”

“मानसा व्हती,” सुलभा म्हणाली. “बांध नव्हता.”

“मग सांगायचा नाय? आमचे हात काय मोडले व्हते?” असं म्हणून हमीदा पाटात बसली आणि पहिल्या बिळात चिखल कोंबला.

त्यानंतर पाणी थांबलं नाही. आमच्या पुढे पुढे पळायला लागलं. पोफळी आल्या, गोठा आला, कौलं आली. सुलभा धावत पुढे गेली आणि गुलाब मुळासकट उपटून, डोणीतली माती फावड्याने बाहेर काढू लागली. आधी वास आला. मग मुंग्या आल्या, काटक्या आल्या. मग लाल पाणी पन्हळीत शिरलं आणि डोणीच्या तळावर धार पडली. तोच आवाज. मी मागच्या दाराच्या पायरीवर बसून राहिले.

कुणीतरी नानांना आणलं. काठी टेकत आले. पाटात बघितलं, मग हमीदाच्या चिखलाने भरलेल्या हातांकडे बघितलं. “वाटा ठेवलाव?” एवढंच विचारलं. सुलभा हो म्हणाली. नानांनी वहाणा काढल्या, वाकून पाटाच्या पाण्यात पाय धुतले, तेच पाणी डोळ्यांना लावलं आणि निघून गेले.

गाडीचा भोंगा वाजत होता. चालक वैतागला होता. मी हमीदाला म्हणाले, “सांदणं कुठायत?”

“पीठ आंबायला रात जाते, शानी. पुडल्या वर्सी आधी सांगून ये.”

“बरं, नाडी दे तरी. एका बुटात चालता येत नाही मला.”

तिने विरी पाठीमागे धरली. “नाय देत. रिबीन परत केली ती चूक झाली माझी. बारकी व्हते तवा, कळला नाय. रिबीन दिली आनि तू गेलीस ती गेलीस.” मग ओढणी सारखी करत म्हणाली, “नाडी हवी तर बांध घालायला ये.”

मी उजवा बूट फटक फटक वाजवत गाडीपर्यंत गेले. खरे काकांनी हात देऊन वर चढवलं.

दोन दिवसांनी सुलभाचा फोन आला. “पाट ऱ्हायला,” म्हणाली, आणि तिने फोन डोणीवर धरला. मी बराच वेळ ऐकत होते.

बूट पुण्यात दाराशी आहेत. लाल माती मी झटकलेली नाही. परवा जावई नव्या नाड्यांची जोडी घेऊन आले आणि उजवा बूट हातात घेऊन ओवायला बसले. मी तो काढून घेतला. म्हटलं, राहू दे, याची नाडी आहे. आणायला जायचंय मला.